बुजवलेलं बळद

खोली झाली! म्हंजे दिवाळी उरकली आणि ऊसतोडीची टोळी निघायच्या आत खोली खरंच झाली, आणि ती मी केली. दादानं विटा-वाळू आणून टाकली, बाकी प्लास्टर माझं, रंग माझा, खिडकीची जाळी माझी. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, थापी मारायची, परत बघायचा. आबा, आमचे वडील, दारातून म्हणायचे, "भिंत लिंपायलीस का पिच्चर बघायलीस?"

खोली दादाच्या पोरीसाठी. दादा-वहिनी दरसाल ऊसतोडीला जातात, आणि आजवर पोरगी बी त्यांच्यासंगट जायची, कारखान्याजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, राहायची. औंदा ती पहिलीत गेलीय. मी म्हणलं, ठिवा हिला माझ्यापाशी, शाळा कावून बुडवायची? वहिनीनं पोरीला जवळ ओढलं. मग म्हणली, "ताई, न रडता राहिली तर ठिवते. रडती ठिवून मी जाणार न्हाई. उसाच्या फडात हात चालायचा न्हाई माझा."

बास. एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

ही खोली पैले धान्याची होती. मागच्या जाड भिंतीत बळद होतं. बळद म्हंजे भिंतीच्या पोटातच बांधलेली कोठी. वरच्या तोंडातून ज्वारी ओतायची, आणि खाली एक भोक, त्याला चिंधीचा बोळा. बोळा काढला की ज्वारी टोपल्यात. आता धान्य पत्र्याच्या कोठीत असतं, त्यामुळं बळद रिकामंच. रिकामं म्हंजे पार रिकामं न्हाई. आमच्याकडं बळद खरवडत न्हाईत, तळाला थोडी ज्वारी राहूच देतात. आबांनी बजावलं, "बुजव, पर तळातलं काढू नको." मी म्हणलं बरं. वरचं तोंड विटांनी बंद केलं, खालच्या बोळ्यावरून तसंच प्लास्टर ओढलं. आणि मग पाणी मारलं. व्हिडिओतला माणूस म्हणला होता, भिंतीला पाणी जितकं पाजाल तितकी ती पक्की. मी पाजलं! बादल्याच्या बादल्या. मग वडवणीहून आकाशी रंग आणला. पोरगी नुसती नाचत होती.

पहिल्यांदा तिला तिथं दुपारी झोपवलं. लाईट गेलती, पंखा बंद, गल्लीत कुत्रं बी न्हाई. मी खिडकीची कडी बसवत होते. मागं वळून बघते तर ही उठून भिंतीला कान लावून बसलेली.

"आत्या, आत कोण हाय?"

"कुणी न्हाई गं. पोकळ हाय ती."

"मग मी टकटक केलं की आतून कावून टकटक करतंय?"

तिनं वाजवून दाखवलं. आतून आलं. मी म्हणलं, येडे, आपलाच आवाज घुमतोय. ती म्हणली, "बरं." आणि हात खाली घेतला. पण आतलं थांबलं न्हाई. सर्र... सर्र... सुपात कुणी सावकाश पाखडावं तसं. मी बी कान लावला आणि झटकन मागं घेतला. भिंत गरम होती. त्या भिंतीला ऊन लागतच न्हाई, मागं गोठा हाय. आणि ही कोमट, तापातल्या लेकराच्या कपाळासारखी.

आबांना बोलावलं. त्यांनी तळवा ठिवला, लगेच काढला, धोतराला पुसला. "उंदीर असतील," म्हणले. मी म्हणलं, उंदरानं भिंत तापती का? तर म्हणले, "वहिनीला सांगू नको." आणि गेले की!

मी न्हाई सांगितलं. पण खोलीत आंबूस वास सुटला. पोरगी दिवसभर तिथंच. भिंतीशी हळूहळू बोलायची, मधीच थांबायची, मान हलवायची, परत बोलायची. मी आत गेले की गप.

निघायच्या आदल्या सकाळी माझं शेवटचं काम राहिलं होतं, भिंतीच्या बुडाशी तपकिरी पट्टी मारायची. पोरगी म्हणली, "आत्या, तिथं नको मारू. तिथं बोटं आलीत."

मी वाकले. बोळ्याच्या जागी प्लास्टर फुगून फुटलं होतं. आणि त्या फटीतून बाहेर आली होती पांढरीफटक, बारीक बारीक बोटं. एका जागी गच्च. टोकं जरा पिवळी. उजेडाकडं वळलेली.

तेवढ्यात वहिनी आली. ती बसली, एक बोट धरलं आणि ओढलं. मला वाटलं आता रक्त येतंय. आला लांबलचक पांढरा कोंब आणि बुडाला ज्वारीचा दाणा.

"अगं बाई! ज्वारी उगवलीय मेली!"

मी पाजलेलं सगळं पाणी आत झिरपलं होतं. भिजलेलं धान्य तापतंच. दादा तर पोट धरून हसला. "आतापर्यंत रानात पेरणी बघितली, हिनं भिंतीत केली! पीकविमा भर बाई, पीकविमा!" आबा बी हसले. मी बी हसले.

दादानं पहार आणली, आतलं सगळं उकरून काढायला. तशी पोरगी भिंतीपुढं आडवी झाली.

"काढायचं न्हाई. काढलं तर मी आईसंग जाईन."

वहिनी म्हणली, "आणि न्हाई काढलं तर? राहशील हितं? रडणार न्हाईस?"

"न्हाई. त्यांना पाणी कोण घालंल?"

"कुणाला गं माय?"

"आतल्यांना. ते म्हणत्यात, तू राहा."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. पोरगी खुशीत होती, वहिनीला तेच पाहिजे होतं, मला बी. वहिनीनं दादाच्या हातून पहार घेतली आणि बाहेर नेऊन ठिवली. "राहू द्या," म्हणली. आवाज मात्र तिचा नेहमीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. बाकीच्यांची मागं राहणारी लेकरं ट्रॉलीला लोंबकळून बोंबलत होती. आमची पोरगी ओट्यावर उभी राहून शाण्यासारखा हात हलवत होती. वहिनीनं तिचे इतके मुके घेतले, पण पोरगी नुसती दाराकडं बघत होती. ट्रॉली हलली तवा वहिनी पदर तोंडाला लावून ओरडली, "ताई, रडंना कावून गं ही?"

पोरगी माझा हात ओढायली होती. "चल की आत्या, ऊन व्हायलंय. त्यांना तहान लागली असंल."

तिला ठिवून घ्यायचं मीच म्हणलं होतं. मी तांब्या भरला आणि तिच्या मागं गेले.