फुलोऱ्यामागची दीर्घिका

आमच्या घाटंजीत आभाळाकडे पाहणारी माणसं दोनच प्रकारची: पाऊस येतो का ते पाहणारी, आणि माझी मोठी जाऊ. जाऊबाईंचं आभाळ मोबाइलमध्ये होतं. अवकाशातल्या दुर्बिणीने काढलेले फोटो त्यांना कुठून तरी सापडले आणि घरच्या ग्रुपवर येणारी गुलाबाची फुलं बंदच झाली. सकाळी उठलं की तेजोमेघ, आणि खाली 'शुभ सकाळ, चहा घेतला का?' प्रत्येकाचं त्यांनी नाव ठेवलेलं. धुळीचे तीन उंच खांब म्हणजे 'दळणाच्या रांगेतल्या बाया'. मधे भोक असलेला गोल तेजोमेघ म्हणजे 'वडा'. ब्लाउजपीस घ्यायला गेल्या की मोबाइल पुढे धरायच्या. "भाऊ, ह्या ढगाच्या काठाचा रंग दाखवा. आतला नाही, काठाचा." दुकानदार गठ्ठे उपसून उपसून शेवटी पाणी मागवायचा, ते स्वतःसाठी. एकदा वरणाला फोडणी द्यायची सोडून मला एक दीर्घिका दाखवत बसल्या.

"एवढूशा ठिपक्यात कोटी कोटी तारे हायेत वो!"

"बाई, मोहरी जळून राह्यली."

"जळू दे. तिकडं तारे जळून राह्यले, कोणी बोंबलते का?"

आमच्या घरी गणपतीत महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. मागची सजावट जाऊबाईंची. वर्षभर त्या तिचीच वाट पाहायच्या. एका वर्षी त्यांनी ठरवलं, जरीचा पडदा बास, आता मागे दीर्घिका. त्यांची सगळ्यात लाडकी: एक मोठी, भोवऱ्यासारखी गरगरणारी, गुलालाचे शिंतोडे उडालेली, आणि तिच्या हाताच्या टोकाला एक लहान. सासूबाई म्हणाल्या, "लाव. पण जेवाले आलेल्या बाया हासल्या, तं पुढच्या सालापासून सजावट धाकटीच्या हाती." धाकटी म्हणजे मी. चार बायांत कोणी नाव विचारलं तरी मला घाम फुटतो. जाऊबाईंची सजावट जाणार आणि माझी अब्रू, म्हणून मी देवीच्या आधी त्या दीर्घिकेलाच हात जोडले.

छापायला दिलेल्या फ्लेक्सची गुंडाळी आली ती थेट महालक्ष्म्या बसायच्या दिवशी. उलगडली. दीर्घिका काय सुंदर दिसत होती! आणि तिच्या वरच्या अंगाला पिवळ्या ठळक अक्षरांत, 'वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा'. जाऊबाईंनी फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

"ताई, नुसता फोटो कोण छापते? मले वाटलं, मजकूर सांगाचा राह्यला. एवढं चमचम वाढदिवसालेच लागते."

"अन् वाढदिवस कोणाचा? नाव तं नाही!"

"नाव तुमी सांगतलंच नाही ना."

जाऊबाई मटकन खाली बसल्या. मग त्यांना हसू फुटलं, मलाही फुटलं, दोघींनी तोंडात पदर कोंबला. आतून सासूबाई विचारतात, "काहून वो, काय झालं?" आणि आम्हाला बोलता येईना. पण महालक्ष्म्या बसवायची वेळ होत आली होती, आणि एकदा बसल्या की त्यांना हलवत नाहीत, म्हणून फ्लेक्स तसाच लावला. फुलोऱ्याचं ताट माझ्याजवळ होतं. करंज्या, पापड्या, तळलेल्या वेण्या दोऱ्याला बांधून आम्ही देवीच्या वर टांगतो. मी स्टुलावर चढले आणि फुलोरा हातभर खाली घेतला. जिथे अक्षर, तिथे करंजी. 'शुभेच्छा' झाकायला दोन पापड्या जास्त लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाया जेवायला आल्या आणि पाहतच राहिल्या. शेजारणीच्या ओठाचा कोपरा हलला. जाऊबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या, चष्मा सारखा केला आणि फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही थोरली, ही धाकटी. पाहा, हात सोडला नाही तिनं." कोणी हसलं नाही. शेजारणीने तर दीर्घिकेलाच कुंकू लावलं. त्या बोटाचा डाग अजून आहे, लहानीच्या जरा खाली.

जाऊबाई आता लेकाकडे पुण्याला राहतात. सकाळी तिकडून तेजोमेघ येतो, 'चहा घेतला का?' येतं. कोणी न हसताही सजावट शेवटी माझ्याच हाती आली. यंदा मी तोच फ्लेक्स लावला. फुलोरा बांधताना एक करंजी तुटून पडली आणि 'कोटी' उघडं पडलं. मी फोटो काढून जाऊबाईंना विचारलं, झाकू का?

"राहू दे," त्यांनी लिहिलं. "खरंच तितके हायेत."

थोड्या वेळाने पुन्हा मोबाइल वाजला. "लहानीनं धरलेला तो हात दिसते ना?"

दिसते, बाई.