बांधातली बिळं

मी अमेरिकेला निघालो त्या सकाळी आप्पा, म्हणजे माझे वडील, मला रस्त्यापर्यंत सोडायला बांधावरून चालत आले. आमचं गाव अलिबागकडच्या खारेपाटातलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मधे मातीचा बांध. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की जमीन काही वर्षं भाताला मुकते, म्हणून गावाचा सगळा जीव त्या बांधात. मला वाटलं होतं, आप्पा वाटेत काहीतरी बोलतील. पण ते मधेच थांबायचे, चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ दिसलं की त्यावर टाच रोवून माती दाबायचे आणि पुन्हा चालायला लागायचे. मुलगा सातासमुद्रापार चालला होता आणि हे बिळं बुजवत होते. एसटी आली तेव्हा म्हणाले, "पाणी येतं कुठून ते कुणालाही दिसतं. जातं कुठून, ते बघत जा."

ते मी जरा जास्तच मनावर घेतलं असणार. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये आयुष्य काढलं, पण गाडी दुरुस्तीला दिली की जुना पार्ट परत मागून घेतो. 'फ्री' हा शब्द दिसला की खालची बारीक अक्षरं आधी वाचतो. आमच्या मराठी मंडळातली पोरं मला इन्स्पेक्टर काका म्हणतात. माझी बायको सुनंदा म्हणते, हा माणूस देवळात प्रसाद घेतानाही आत काय आहे ते बघतो. बघतोच. तुम्ही जे तिकडे राहिलात त्यांना हे विचित्र वाटेल, पण जे इकडे आलात ते मनातून कबूल कराल की परक्या गावात माणूस आधी डोळ्यांनी जगतो, मग विश्वासाने.

आमची मुलगी गौरी इथेच जन्मली. तिचं मराठी अर्ध्या वाटेवर इंग्रजीच्या गाडीत बसतं. पाणी तपासणीच्या कामासाठी तिला लुइझियानात पाठवलं होतं, तिथून येऊन एका रविवारी पोहे खाता खाता तिने सांगितलं की नोकरी सोडली आणि तिकडची एक क्रॉफिशची शेती ती चालवायला घेतेय. क्रॉफिश म्हणजे आपल्या कोळंबीला खेकड्याच्या नांग्या बसवल्यासारखा, गोड्या पाण्यातला प्राणी. तिकडचे लोक मसाल्यात उकडून ढिगाने टेबलावर ओततात आणि हातांनी खातात. ज्या चिखलातून मी पाय काढला, त्याच चिखलात ही आपल्या पायांनी चालली होती. निघाली त्या दिवशी मी तिच्या भाड्याच्या ट्रकच्या चारी चाकांची हवा तपासली, मागचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. "बाबा, रिलॅक्स," एवढं म्हणून ती गेली. ट्रक वळल्यावर मला आप्पांची टाच आठवली.

मग फोनवर माझी चौकशी सुरू झाली. खर्च कशाकशाचा? तर पंपाच्या डिझेलचा, कारण शेत हिवाळाभर पाण्याने भरलेलं ठेवावं लागतं. पिंजऱ्यांत घालायच्या आमिषाचा. होडीचा, हाताखालच्या माणसांचा. आणि भाव? तर थंडीत माल मिळत नाही तेव्हा भाव चांगला, आणि ईस्टरनंतर पिंजरे भरभरून यायला लागले की कोणी विचारत नाही. हे मला ओळखीचं वाटलं. पण बियाण्याचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, विकत घ्यायचं नाही, ते जमिनीत आहे. शेत सोडणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्या जमिनीतल्या मालाचेही पैसे लावले होते, आणि हिने आपली सगळी शिल्लक त्यात घातली होती. पहिल्या हंगामात माल निघाला नाही तर शेत सोडून परत यायचं, एवढाच तिचा प्लॅन बी. मी सुनंदाला म्हटलं, मुलीला कोणीतरी गंडवलंय.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिकडे गेलो. पाहतो तर शेतात पाण्याचा थेंब नाही. तिकडच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच पाणी सोडून दिलेलं. मधे हिरवंगार भात उभं, आणि गौरी सांगते की ते कापायचं नाही, पाण्यात कुजू द्यायचं, क्रॉफिशना खायला. खारेपाटातल्या माणसाला हे ऐकवत नाही. मी त्या म्हाताऱ्याला गाठून विचारलं, तुझा माल कुठे आहे? त्याने हसून बुटाने जमीन ठोकली. आमच्याकडे जमिनीचे दलाल असेच हसतात.

दुसऱ्या दिवशी मी बांधावर गेलो आणि मला जे शोधायचं होतं ते सापडलं. बांध बिळांनी चाळण झाला होता. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्यांची लहानशी, धुराड्यासारखी चिमणी. एवढ्या बिळांतून पाणी झिरपणार, पंप अखंड चालणार, डिझेलमध्ये सगळा नफा जाणार. पाणी जातं कुठून, ते मी एका सकाळीत शोधलं होतं. गौरी पंपाच्या दुरुस्तीसाठी गावात जायची, तेवढ्यात मी फावडं घेऊन निघायचो. चिमण्या पाडायच्या, चिकणमाती कोंबायची, वरून टाचेने ठोकायची. पूर्वेकडचा सगळा बांध मी असा गुळगुळीत केला. कित्येक वर्षांनी हातापायांना त्यांचं मूळ काम मिळालं होतं, आणि रात्री झोप छान लागत होती.

एक दिवस गौरी लवकर परतली. बांधावर उभी राहून तिने आधी मातीकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे.

"बाबा, तू हे काय केलंस? दॅट्स व्हेअर दे लिव्ह. आया आहेत त्या. आत अंडी घेऊन बसल्यात."

जमिनीतला माल तो हा. उन्हाळाभर क्रॉफिशच्या माद्या बिळात, ओलीला, तोंड लिंपून बसतात, आणि शरदात शेतात पाणी सोडलं की पिल्लं शेपटीखाली घेऊन बाहेर येतात. म्हातारा खरं बोलत होता. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. गौरीने वाकून एका बिळावरची ठोकलेली माती बोटाने उकरून पाहिली. मग तिने हळूच विचारलं, "डिड यू डू इट ऑन पर्पज? मी परत यावं म्हणून?"

आयुष्यभर मी सगळ्यांवर संशय घेतला, माझ्यावर कोणी घेतला नव्हता. तो फार लागला. आणि त्याहून वाईट म्हणजे मला ठामपणे नाही म्हणता आलं नाही. ती परत यावी असं मला वाटत होतंच. टाच ठोकताना ते मनात कुठे होतं, कोण जाणे.

सुनंदा म्हणाली, आता घरी जाऊ. मी म्हटलं, पाणी सोडेपर्यंत मी हलत नाही. ऑक्टोबरात पंप सुरू झाला. पाणी भाताच्या बुंध्यांना लागलं, मग बांधाला चढलं. गौरी माझ्याशी जेवणापुरतं बोलत होती. मी रोज पूर्वेच्या बांधावर जाऊन पाण्यात बघायचो. माती भिजून मऊ होईल, माद्या खणून बाहेर येतील, असं म्हातारा म्हणाला होता. पण त्याचा आवाज त्या वेळी तितका खात्रीचा नव्हता, हे मी टिपलं होतं.

एका सकाळी तिने त्याच बाजूला हातजाळं फिरवलं आणि मला हाक मारली, "बाबा, कम सी." जाळ्यात एक लालसर मादी होती. तिच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीएवढी पिल्लं, एकमेकांना चिकटून. मला रडू आलं. गौरीने ते पाहिलं, आणि मादीला अलगद पाण्यात सोडलं.

हंगाम कसा गेला, असं मंडळातले लोक विचारतात. पूर्वेकडचे पिंजरे शेवटपर्यंत हलके आले, तो माझा वाटा. बाकीच्या बाजूंनी सांभाळून घेतलं. डिझेल, आमिष, माणसं जाऊन थोडं उरलं असं गौरी म्हणते. मी विचारलं, स्वतःची मजुरी धरलीस का? तर म्हणाली, "आजोबा धरायचे का?" नव्हते धरत. घरच्या माणसाची मजुरी आमच्याकडे कोणीच धरली नाही, म्हणून तर भात परवडत होतं. त्यामुळे हा नफा आहे की नाही, याची मला अजून शंका आहे. पण शेत तिच्याकडेच आहे.

मधे गावाहून चुलतभावाचा फोन आला. आमच्या बांधाला खांड पडली, खाडी आत शिरली, आता तिथे खारफुटीची तिवरं वाढलीत. बांधावरून चालणारं कोणी उरलं नाही, तर दुसरं काय होणार. आता घर म्हटलं की मला ना ते गाव आठवतं, ना मॉरिसव्हिल. लुइझियानातला तो चाळण झालेला बांध आठवतो. दर वर्षी ऑगस्टमध्ये मी तिथे जातो, फावड्याशिवाय. चिखलाची चिमणी दिसली की टाच आपोआप उचलली जाते. ती तशीच वर धरून मी बीळ ओलांडतो.