आतोबांची दुनळी

आमच्या आत्यानं बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात नर्सची नोकरी केली. रक्त पाहून ती कधी डगमगली नाही, पण एका बंदुकीनं तिला अक्षरशः रडकुंडीला आणलं.

बंदूक आतोबांची. ते बँकेच्या दारावर पहारेकरी होते आणि दुनळी त्यांची स्वतःची, परवान्याची. ते अचानक गेले. महिन्याभरानं कपाट आवरताना कोटांच्या मागे ती उभी दिसली, जुन्या चादरीत गुंडाळलेली. आत्यानं हातही लावला नाही. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि परवाना न् मृत्यूचा दाखला घेऊन पोलीस ठाणं गाठलं.

"बंदूक कुठाय?" टेबलामागच्या हवालदारानं विचारलं.

"घरी."

"मग जमा काय करून घेऊ, हा कागद?"

"बरं, उद्या आणते."

"आणाल कशी? परवाना तुमच्या नावावर नाही. वाटेत कुणी पकडलं तर आम्हालाच तुमच्यावर गुन्हा नोंदवावा लागेल."

"म्हणजे आणायचीही नाही आणि ठेवायचीही नाही?"

"तसंच काहीसं. आधी परवाना शाखेत विचारा."

परवाना शाखेतला कारकून म्हणाला, ठाण्यातून पत्र आणा. ठाणं म्हणालं, पत्र शाखेनं द्यायचं असतं. असे पाच हेलपाटे झाले. आत्या घरी येऊन चपला अशा भिरकावायची की एक पार मोरीत जायची.

त्यात धाकटे दीर आले. "वहिनी, दादाची आठवण आहे. माझ्या नावावर करून घेऊ. भिंतीवर शोभेल."

"आठवण हवी तर त्यांचा कोट न्या," आत्या म्हणाली. "थंडीत उपयोगी तरी पडेल."

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गॅरेजवाल्यानं तर कमालच केली. "आत्या, कशाला वणवण करताय? मी नेतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कुणाला कळणार नाही, हेच तर मला नकोय!" ती एवढ्या जोरात ओरडली की तो जिन्यात दोन पायऱ्या मागे सरला.

मी म्हटलं, "अगं, रिकामी तर आहे. राहू दे ना आणखी थोडे दिवस."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "'रिकामीच होती हो.' अपघात विभागात हे वाक्य मी चार वेळा ऐकलंय. सांगणारे दर वेळी शुद्धीवर असायचे. ज्याच्याबद्दल सांगायचे, तो नसायचा."

सहाव्या खेपेला तिनं अर्ज स्वतःच्या हातानं लिहून नेला. नळीवरचा क्रमांक परवान्यावरून उतरवला. 'बंदूक घरी कुलपात आहे, मला ती नको आहे, येऊन ताब्यात घ्यावी,' एवढंच लिहिलं. हवालदार पुन्हा मान हलवू लागला, तशी ती म्हणाली, "घेत नसाल तर तसं या कागदावर लिहा आणि सही करा. मी बसते इथे. बत्तीस वर्षं ड्यूटी केलीय, बसायची सवय आहे."

तिचा आवाज आत गेला आणि ठाण्याच्या साहेब बाई बाहेर आल्या. अर्ज वाचून हवालदाराला म्हणाल्या, "यात अडलंय कुठे? जीप घ्या, यांच्याबरोबर जा."

हवालदारानं आमच्या घरी कपाट उघडलं. नळ्या भिंतीकडे राहतील अशी बंदूक धरली आणि हळूच मधोमध उघडून पाहिली. डाव्या नळीत काडतूस होतं.

ज्या भिंतीला ते कपाट टेकलं होतं, तिच्या पलीकडे आत्याची खाट होती.

हवालदारानं काडतूस काढून वेगळ्या पाकिटात घातलं, क्रमांक ताडून पाहिला आणि पोचपावती लिहिली. पुढे काय करायचं म्हणून त्यानं विचारलं. परवानाधारक दुकानदाराला विकता येईल, वारसाच्या नावावर करता येईल किंवा नष्ट करता येईल.

"मोडा," आत्या म्हणाली. "तुकडे करा."

तसं लिहून तिनं सही केली. जीप गेली आणि ती आतोबांच्या फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "घरात रिकामीच असते म्हणायचात ना? अहो, काही अक्कल?" एवढं बोलून ती मटकन खाली बसली. ते गेल्यापासून इतकं रडताना मी तिला पाहिलं नव्हतं.

बंदूक नष्ट केल्याचं पत्र यायला आठ महिने लागले. पत्रात आतोबांचं आडनाव चुकलं होतं. आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीचा अर्ज घेऊन निघाली.