जोने मला सांगितलेला शेवट

‘जो गेला’ हे फिलोमिनाला तीन वेळा सांगावं लागलं. फोनवर मी आपला ‘काय? काय?’ करत राहिलो आणि नवऱ्याच्या मरणाची बातमी त्या बाईला ओरडून द्यावी लागली. त्याला आता पाच आठवडे होतील. तिला वाटलं, मला धक्का बसलाय. धक्का होताच, पण खरं म्हणजे मला ऐकू येत नाही. हे मी बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं. जोलासुद्धा नाही.

जोसेफ बोरिवलीच्या गावठाणातला, मी मुलुंडचा. बँकेत कारकुनी करता करता त्याने पहिली कादंबरी लिहिली, ती वाचून त्याला गोरेगावच्या स्टुडिओत मालिका लिहायला बोलावलं. तिथे मी साउंड रेकॉर्डिस्ट. शॉट चालू असताना तो नटांकडे बघायचाच नाही, माझ्याकडे बघायचा. मी मान हलवली की त्याचा जीव भांड्यात. पुढे त्याने दोन सिनेमे दिग्दर्शित केले. पहिला चालला, दुसऱ्याची पार वाट लागली, मग स्वारी परत कादंबऱ्यांकडे वळली. पण एक खोड कायम राहिली. कुठल्याही कथेचा शेवट आधी कागदावर उतरवायचा नाही. माझ्याकडे यायचं, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायचं आणि तोंडी सांगायचा. ‘‘सद्या, तुझे कान खोटं बोलत नाहीत रे,’’ म्हणायचा. दुसऱ्या सिनेमाचा शेवट मला पटला नव्हता. तेवढं एकदाच त्याने माझं ऐकलं नाही.

गेल्या वर्षी याच कानांनी दगा दिला. डॉक्टरांनी मशीन दिलं. घरात लावायचो, पण जो येणार म्हटलं की ते ड्रॉवरमध्ये. जन्मभर कानांवर पोट भरलं, त्याच्यासमोर कसं लावू? डोंबलाचा ताठा, दुसरं काय! जो खणखणीत बोलायचा, त्यामुळे निभावून जायचं. तो शेवटचा आला त्या दुपारी मात्र आजारपणाने त्याचा आवाज बसला होता. नव्या पटकथेचा शेवट तो हातवारे करत सांगत होता आणि मला अक्षर ऐकू येत नव्हतं. ड्रॉवर हाताशी होता. मी उठलो नाही. शर्टाच्या गळ्यातून वर आलेली त्याची हाडं बघत राहिलो... आणि मला रडू फुटलं. जो थांबला, समाधानाने हसला आणि चहा न घेताच गेला.

पंधरवड्यापूर्वी फिलोमिना त्याची वही घेऊन आली. सगळी पटकथा लिहून झालेली. शेवटच्या पानावर एवढंच : ‘शेवट सदाला सांगितला. रडला. आता बदलायचा नाही.’

‘‘निर्माता थांबलाय,’’ ती माझ्याजवळ सरकून म्हणाली. ‘‘तुला माहीत आहे ना? तू सांग, मी लिहून घेते.’’

‘‘माहीत आहे,’’ मी म्हणालो. ‘‘थोडे दिवस दे.’’

त्या दिवसांत मी दोन-तीन शेवट रचलेही. जोच्या नावावर खपून गेले असते... नाही जमलं. म्हणून हे लिहितोय. फिलोमिना, मला तो शेवट माहीत नाही. त्याने विश्वासाने सांगितला आणि मी बहिऱ्यासारखा नुसता बसून राहिलो. माफी मागायचं तोंड नाही मला.

हल्ली दुपारी मशीन लावून त्या खुर्चीसमोर बसतो. पंखा ऐकू येतो, शेजारचा नळ ऐकू येतो. शेवटचं वाक्य सांगताना जोचे ओठ दोनदा मिटले होते, एवढं आठवतं. मीही तसेच मिटून बघतो. मग त्या दुपारी म्हणायला हवं होतं ते म्हणतो, ‘‘ऐकू नाही आलं रे, जो. परत सांग.’’