पुढच्या सीटवरची ड्यूटी

मंडळी, आज पिशोरहून शहरात येताना जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची जागा मिळाली. बसल्याबरोबर ड्रायव्हरमामांनी स्वतःचा मोबाईल माझ्या हातात ठेवला.

"सर, ही पुढं बसणाऱ्याची ड्यूटी. फोन आला की उचलायचा अन् सांगायचं, मामा गाडी चालवायलेत."

फुलंब्रीच्या अलीकडं फोन वाजला. त्यांची मुलगी होती. मी ठरलेलं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "काका, पोलीस भरतीच्या यादीत माझं नाव आलंय. पण पप्पांना आत्ता सांगू नका. लगेच रडतात ते. गाडी थांबल्यावर सांगा."

"काय म्हणती?" मामांनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं.

"काही नाय. पोचल्यावर फोन करा म्हणाली."

हर्सूल येईपर्यंत ती बातमी माझ्या पोटात मावत नव्हती. जीप थांबली, इंजिन बंद झालं, तेव्हा सांगितलं. मामांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि खरंच हमसून हमसून रडले. मागच्या सीटवरचे लोक घाबरले, काय झालं म्हणून.

एवढी मोठी बातमी त्या पोरीनं पाऊण तास अडवून धरली. आणि मी? काल एका हातानं स्कूटर चालवत, ट्रकला चुकवत जो फोन कानाला लावला, तो बायकोचा होता. येताना कोथिंबीर आणा.

तुम्ही गाडीवर उचललेला शेवटचा फोन कशासाठी होता? खरं सांगा.