कणकेचा हात

माझा हात आरूच्या डोक्यावर. कणकेनं भरलेला. तिच्या केसांत कणीक चिकटलेली आणि मॅडम म्हणतायत, "सांग. पोरीच्या डोक्यावर हात आहे तुझा. तुझा भाऊ तसला नाही म्हणून सांग."

तव्यावरची पोळी करपली, धूर झाला, गॅस कुणी बंद केला नाही. सोफ्यावर मॅडमच्या दोन मैत्रिणी. टीव्ही मध्येच थांबवलेला. टीव्हीत दोन पोरं एका छत्रीत, तोंडाजवळ तोंड.

थांबा, नीट सांगते.

मॅडम इथं आयर्लंडात, लेटरकेनी गावात डॉक्टर. पुण्याच्या. दर रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन आठवड्याच्या पोळ्या लाटायची. साठ पोळ्या, दहा-दहाची चवड, फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरला. मी नववी नापास. नवरा इथं हॉटेलात तंदूरवर होता, आरू चार वर्षांची असताना निघून गेला, फोन बंद. तेव्हापासून मी दादाकडं. दादा नर्सिंग होममध्ये कामाला आहे. म्हाताऱ्यांना अंघोळ घालतो, डायपर बदलतो. ठेंगणा आहे, टक्कल पडलंय. आणि दादाबरोबर डेक्लन राहतो. इथलाच, बस चालवतो. दोघं जोडीनं राहतात. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. मग जेवले. स्वयंपाक डेक्लननंच केला होता.

मॅडमकडं किचन आणि हॉल एकच. रविवारी मैत्रिणी जमायच्या आणि एक परदेशी सिरियल लावायच्या. दोन पोरांच्या प्रेमाची. दोघंही गोरेपान, उंच, एकाच्या बापाची कंपनी. पाऊस हळूहळू पडायचा, मागं पियानो. ती पोरं कधी भांडी घासत नाहीत, कधी दमत नाहीत. मी लाटता लाटता बघायची. "अय्या, कित्ती क्यूट," म्हणायच्या बाया. एक तर रडायची. मॅडम म्हणायच्या, "प्रेम ते प्रेम गं. आपल्या लोकांना कधी कळणार."

मला ऐकून बरं वाटायचं. वाटायचं, एखाद दिवशी मॅडमना दादाचं सांगावं.

तिथंच चुकलं माझं. मला वाटलं त्या खरंच बोलतायत.

त्या रविवारी दादाची पण ड्युटी, डेक्लनची पण. आरूला बरोबर नेलं. सहा वर्षांची आहे. टेबलाखाली कणकेचा उंदीर करत बसली होती. टीव्हीतल्या पोरांनी मुका घेतला तशी मान वर करून म्हणाली, "दॅट्स लाइक माय मामा अँड डेक्लन. ओन्ली डेक्लन इज ओल्ड अँड ही स्नोअर्स."

एक मैत्रीण हसली. मग हसायची थांबली. मॅडमनी रिमोट दाबला.

"काय म्हणाली ही?"

"काही नाही मॅडम. टीव्ही बघून बडबडते."

"तुझा भाऊ त्या आयरिश माणसाबरोबर राहतो ना? एका खोलीत?"

मी पोळी तव्यावर टाकली.

"शी," मैत्रीण म्हणाली, "आणि आपण हिच्या हातच्या पोळ्या खातोय."

दुसरी म्हणाली, "तो म्हाताऱ्यांना अंघोळ घालतो ना? बाई गं."

मी टीव्हीकडं हात केला. "मॅडम, तुम्हीच तर हे दर रविवारी..."

"ते वेगळं," मॅडम म्हणाल्या. "ती स्टोरी आहे. किती सुंदर दाखवलंय बघ. तुमच्यात कसलं आलंय ते?"

तुमच्यात.

मग त्या जवळ आल्या. आवाज एकदम दवाखान्यातला. "मी डॉक्टर आहे. अशा घरात लहान मुलगी राहते कळलं तर मला सरकारला कळवावं लागतं. इथं मुलं काढून नेतात, माहितीये ना तुला?"

मला काय माहीत असणार? नुसतं ऐकलेलं. मग तोड पण त्यांनीच काढली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांग, मग मी विसरते. एवढी शिकलेली बाई. तिला ठाऊक होतं, खोट्या शपथेनं लेकरू जातं असं मी मानते. म्हणून तर हात तिथं ठेवायला लावला.

खरं बोलले तर पोर नेणार. खोटं बोलले तर पोर मरणार.

मी खोटं बोलले. "माझा दादा तसला नाही. आरू खोटं बोलतेय."

"से सॉरी," मॅडम आरूला म्हणाल्या. "गुड गर्ल्स खोटं बोलत नाहीत."

आरूनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. "सॉरी," ती म्हणाली. मॅडमनी तिला चॉकलेट दिलं. सिरियल पुढं चालू. मी राहिलेल्या बावीस पोळ्या लाटल्या. कानात पियानो.

ड्युटी संपली तसा डेक्लन घ्यायला आला. "ऑल ग्रँड, पेट?" त्यानं आरूला विचारलं, म्हणजे सगळं ठीक ना, बाळा. ती मला चिकटून मागं बसली. म्हणाली, "यू अँड मामा आर अ लाय. मॅमी सेड." मॅमी म्हणजे मी.

त्यानं गाडी सुरू केली नाही. किती वेळ नुसते वायपर हलत होते.

घरी मी दादाला सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "बरोबर केलंस. मी आईला पंधरा वर्षं हेच सांगतोय." रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फ्रिजवरचा दोघांचा फोटो काढला आणि ड्रॉवरमध्ये उलटा ठेवला. आरू बघत होती.

आठ दिवस मी उठल्या उठल्या पोरीचं कपाळ बघायची. ताप नाही, काही नाही. फक्त मामाच्या मांडीवर बसायची बंद झाली.

पुढच्या रविवारी दादाला न सांगता आरूला घेऊन चालत गेले. त्याच बाया, नवा एपिसोड. मॅडम म्हणाल्या, "हिला कशाला आणलंस परत?"

मी चप्पल काढली नाही. हात आरूच्या डोक्यावर ठेवला. कोरडा हात. "मॅडम, माझा दादा तसलाच आहे. आरू खरं बोलली, मी खोटं बोलले. तुम्ही तिला सॉरी म्हणा."

मॅडम म्हणाल्या, "निघ आधी."

मागनं एक मैत्रीण हळूच बोलली, "अगं, मग पोळ्या?"

सॉरी कुणी म्हणलं नाही. मीच म्हणले, रस्त्यात, खाली बसून, आरूला.

आता या गावातलं एकही मराठी घर मला बोलवत नाही. दारावर कुणी आलं की अजून मी आधी आरूला मागं घेते, तिला न्यायला आले की काय म्हणून. येऊ देत. विचारलं तर सांगीन, हा माझा दादा, हा त्याचा माणूस, इथं माझी पोर वाढते. फोटो मी परत फ्रिजवर लावलाय. दादानं दोनदा काढला, मी तिसऱ्यांदा लावला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून मी आता कुणासाठी खोटं बोलणार नाही.

तुम्ही पण बघता त्या सिरियली. रडता. तुमच्या लेकीच्या डोक्यावर तुमचा हात असता, तर तुम्ही काय बोलला असता?

आणि सोफ्यावर बसला असता, तर?