घोडीच्या मागे पायी गेलेला लहानू

रविवार, १७ एप्रिल १९९४. सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं. कल्याणजवळ मोहन्याच्या पुढे एका वीटभट्टीवर मी हजेरी लिहीत होतो... नववीनंतर शाळा सुटली होती, अक्षर चांगलं म्हणून ही नोकरी मिळालेली.

रस्त्यापलीकडे लग्न होतं. नवरदेव घोडीवर चढायच्या आतच कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि घोडी लगाम सोडवून जी सुटली, ती शेतातून थेट टिटवाळ्याच्या दिशेनं. दोन पोरं मोटारसायकलवरून मागे गेली आणि नाल्यापाशी अडकून परत आली.

भट्टीवरचा लहानू वाघे हे बघत होता. कातकरी माणूस, चाळिशीचा, अंगानं काटकुळा. त्यानं हातातला विटांचा साचा खाली ठेवला, तांब्याभर पाणी प्यायला, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि चालायला लागला. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, घोडी आनतो.

हजेरी लावलेला माणूस भट्टी सोडून गेला तर मालक मलाच विचारणार. वही कॅरियरला लावून मी सायकलवर त्याच्या मागे निघालो. वेळा टिपून ठेवायची मला सवय आहे... उद्या कुणी विचारलं तर उत्तर हवं.

तो जोरात पळतच नव्हता. एकाच चालीनं, बारीक पावलांनी दुडकत होता. घोडी झाडाच्या सावलीला थांबायची, हा पोचला की पुन्हा उधळायची. दिसेनाशी झाली की हा खुरांचे माग बघत जायचा.

एप्रिलचं ऊन, कापलेल्या भाताचे सड, बांधामागून बांध... सायकल मी निम्मा वेळ ढकलतच होतो. जरा बस म्हटलं तर तो न थांबता म्हणाला, "जनावर पलतं न् थांबतं. आपून थांबायचं नाय."

दोन पन्नासला घोडी एका आंब्याखाली उभी राहिली ती हललीच नाही. मान खाली, पाय फाकलेले. लहानूनं जवळच्या डबक्यात फडकं भिजवून आधी तिचं अंग पुसलं, मग ओंजळीनं थोडं थोडं पाणी पाजलं. स्वतः माझ्या बाटलीतले उरलेले दोन घोट प्यायला.

साडेचारला आम्ही मांडवात परतलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. मला वाटलं, कुणीतरी त्याची पाठ थोपटेल... नवरदेवाच्या काकांनी त्याचा दंड धरून त्याला पोलीस चौकीत नेलं. म्हणे यानंच घोडी लपवली आणि आता बक्षीस मागायला आणली.

बक्षीस मागितलं कुणी होतं?

हवालदारानं लहानूला भिंतीशी जमिनीवर बसवलं. घोडीला कुणी पायी पकडतं का, हा त्याचा प्रश्न, आणि उत्तर त्याच्याकडे तयार होतं. कातकरी म्हटल्यावर निकाल आधीच लागलेला.

मी वही पुढे केली. वेळा होत्या, ठिकाणं होती. आणि माझ्याच अक्षरात हेही होतं: '१२.५० ते १.३०, घोडी, लहानू दोघे दिसले नाहीत.' हवालदाराचं बोट नेमकं तिथेच थांबलं. "मग ही चाळीस मिनिटं घोडी कुठे बांधली होती?"

खरं लिहिलं म्हणून दुसरा माणूस अडकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी घाबरत घाबरत व्याख्यानाचं सांगितलं. आदल्याच आठवड्यात नौपाड्यात एका हॉलमध्ये ऐकलेलं. काही शास्त्रज्ञांच्या मते आदिमानव अशीच शिकार करत असावा... जनावर वेगात जिंकतं, पण दौडताना नीट धापा टाकता येत नाहीत, अंग तापत जातं. माणसाच्या अंगावर केस कमी, घाम भरपूर, म्हणून तो भर दुपारी तासन् तास मागे राहू शकतो.

आपले लांब पाय, टाचेमागची जाड शीर, हा घाम, सगळं कदाचित त्या पाठलागातूनच घडलं असेल. पुरतं सिद्ध झालेलं नाही, असंही वक्ते म्हणाले होते, तेही मी सांगितलं. घोड्यालाही घाम येतो, पण हिचं अंग मोठं आणि वर जरीची झूल, हेसुद्धा सांगितलं.

हवालदार शेजारच्याला म्हणाला, "घे, आता आदिमानव आणला साक्षीला." दोघं पोटभर हसले. नौपाड्यात पंख्याखाली याच गोष्टीला लोकांनी माना डोलावल्या होत्या.

सहा वाजता घोडीचे मालक उस्मानचाचा आले. घोडी तबेल्यात परतली असेल म्हणून ते कल्याणला शोधायला गेलेले. बाहेर बांधलेल्या घोडीच्या पोटावरून, पायांवरून त्यांनी हात फिरवला आणि आत येऊन तो हात हवालदारासमोर धरला. बोटांना पांढरं लागलं होतं.

"साहेब, लपवून ठेवलेली घोडी अशी नसते. घाम सुकून नमक जमलंय. आणि दौडून आलेल्या जनावराला भडाभडा पाणी पाजलं ना, तर पोट धरून मरतं. याने सांभाळून पाजलंय, म्हणून उभी आहे."

मग ते लहानूकडे वळले. "और इसको? पानी दिया किसीने?"

चौकीतला माठ लहानूपासून चार पावलांवर होता... इतका वेळ आम्ही सगळे त्याच्याबद्दलच बोलत होतो. मीसुद्धा. आदिमानवाच्या घामाबद्दल मी एवढं बोललो आणि समोरच्या माणसाचे फुटलेले ओठ मला दिसले नाहीत.

पेला चाचांनीच भरला. लहानूला सोडलं, पण चूक झाली असं कुणी म्हणालं नाही. काका तर केव्हाच निघून गेले होते. वाटेत लहानूनं मला एवढंच विचारलं, घोडी चारा खाती का...

ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या काकांचा, त्या हसण्याचा राग अजून येतो, पण पान उघडलं की सगळ्यात जास्त स्वतःचाच येतो. अकरा पाचपासूनची प्रत्येक वेळ तिथे नीट लिहिलेली आहे. लहानूला पाणी मिळालं, ती तेवढी नाही.